तो आवाज मम्मीचा नाही

१२ नोव्हेंबर
चितेगाव, कंपनीचं कॅन्टीन

मोनिका,

कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय, हसू नको. घरून फोन केला तर दोन खोल्यांत प्रेरणाला सगळं ऐकू जातं. मेसेजवर बोलायला लागलो की चौथ्या मेसेजला आपलं भांडण होतं. इथं जेवणाच्या सुट्टीत निवांत लिहिता येतं. फोन गेटवर जमा असतो, त्यामुळं तू मधेच काही विचारू शकत नाहीस, ते एका परीनं बरंच आहे.

प्रेरणा तुझा फोन का घेत नाही हे तू सारखं विचारतेस आणि मी थापा मारतो. क्लासला गेली, झोपली, मायसोबत देवळात गेली. ती घरातच असते. तुझा फोन वाजला की मोरीत जाते आणि नळ सोडून बसते, तुझा आवाज कानावर पडू नये म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला 'धुकेगड' दाखवायला नेलं. तू म्हणाली होतीस, आधी पुस्तक संपू दे, मग सिनेमा. मला आठवत होतं. पण रविवारी तू परदेशातून फोनवर वाचायचीस आणि ती इकडं ओळीवर बोट ठेवून ऐकायची, ते अर्ध्यावरच थांबलेलं. तिकडच्या वृद्धाश्रमातल्या तुझ्या ड्युट्या बदलल्या. तिच्या वर्गातली सगळी पोरं बघून आली होती. मला वाटलं, लेकरांचा सिनेमाच तर आहे.

मी पुस्तक वाचलेलं नाही, त्यामुळं मला काही वावगं दिसलं नाही. रेवू नावाची पोरगी, तिची आई धुक्यातल्या गडावर अडकलेली, आणि रेवूजवळच्या शंखातून आईचा आवाज येतो. मध्यंतरानंतर कळतं की तो आवाज आईचा नाहीच. काळवेण नावाची चेटकीण आईच्या आवाजात बोलत असते, पोरीला गडावर ओढून न्यायला. आई तर कधीच मेलेली. टॉकीजमधली पोरं किंचाळली. आपली नाही किंचाळली. तिनं माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, "पप्पा, पुस्तकात पण असंच आहे?" मी म्हणालो, असेल.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालीस, "काय करतंय माझं पिल्लू?" सिनेमातली काळवेण पण जवळजवळ असंच म्हणते. प्रेरणानं फोन गादीवर टाकला, गरम तवा टाकावा तसा. मग माझ्याकडं बघून अगदी शांतपणे म्हणाली, "तो आवाज मम्मीचा नाही."

नंतर एकदा अभ्यास करता करता तिनं विचारलं, "पप्पा, पुस्तक आणि सिनेमा, दोन्हीतलं खरं कुठलं?" मी क्वालिटीतला माणूस. आमच्याकडं नंतरचा पीस आधीच्या पीसमधल्या चुका काढूनच बनवतात. मी तेच सांगितलं, की सिनेमा नंतर आला, म्हणजे तो दुरुस्त केलेला, तोच खरा धरायचा. तिनं मान हलवली आणि वही पुढं ओढली.

जास्त मनावर घेऊ नको. विसरेल चार दिवसांत.

सोमनाथ


२१ नोव्हेंबर
कॅन्टीन

मोनिका,

विसरली नाही.

ती आता पुस्तक मांडीवर घेऊन बसते आणि सिनेमाशी ताडून बघते. मला विचारते, माय पोळ्या लाटत असली की तिला विचारते. पुस्तकात शंख रेवूला आईनंच दिलेला, मग सिनेमात तो तिला वाटेत का सापडतो? पुस्तकात काळवेण रेवूशी एकदाही बोलत नाही, मग सिनेमात तिलाच एवढं काम का? माय म्हणाली, "अगं, ज्याच्या हाती कढई, तो हवं तितकं तिखट टाकतो." प्रेरणा हसली नाही. अर्ध्याच्या पुढची पानं ती वाचत नाही. तिथं रबर अडकवून ठेवलंय.

तेवढ्यात आपल्या गल्लीत एक प्रकार झाला. समोरच्या सांडूकाकांना फोन आला. त्यांच्या नातवाचा, शिवराजचा आवाज. रडत होता, म्हणे, आजोबा, माझ्या गाडीखाली कुणीतरी आलं, मला सोडवा, पप्पांना सांगू नका. काका घाईनं चपला घालायला लागले. आणि शिवराज आतल्या खोलीत झोपलेला होता. काकू त्याला उठवून बाहेर घेऊन आल्या तरी फोनवरचा शिवराज रडतच होता. सगळी गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं, आजकाल मशीन आवाज बनवतं, दोन मिनिटांचं बोलणं मिळालं तरी पुरतं.

प्रेरणा जिन्यात उभी होती. वर आल्यावर तिनं मला विचारलं, "म्हणजे बनवता येतो ना आवाज?"

मी म्हणालो, व्हिडिओ कॉलवर मम्मी दिसते की तुला.

"चेहरा पण बनवतात. आमच्या वर्गातला सत्यम सांगत होता."

 खोटं आहे असं सांगता येईना.

तू पाठवलेली चॉकलेटं फ्रिजमध्ये तशीच आहेत. तिनं एकही खाल्लेलं नाही, आणि मायलाही खाऊ देत नाही. एका संध्याकाळी तिनं मायला विचारलं, "आजी, मम्मी मेलीय का? तुम्ही मला सांगत नाही का?" माय म्हणाली, "काय बोलतीस गं. मेली असती तर तुझा बाप असा इस्त्रीचा शर्ट घालून हिंडला असता व्हय?" पण नंतर माय मला बाजूला घेऊन म्हणाली, "सोमनाथ, लेकरू लई भेलंय. हे हसण्यावारी न्यायचं काम नाय."

आणखी एक सांगतो. परवा तू मला फोन केलास. 'जेवलास का, पाठ दुखते का, काळजी घे' असं सगळं विचारलंस. मी हो हो म्हणत होतो आणि मधेच माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, मी नक्की कुणाशी बोलतोय? नेमकं काय ऐकून असं वाटलं ते मला सांगता येणार नाही. फोन ठेवून मी बाल्कनीत गेलो. प्रेरणा दारातून माझ्याकडं बघत होती. 

दहा दिवस तरी येऊन जा. सुट्टी मिळत नाही असं पुन्हा लिहू नको. ते मी आता पाठ केलंय.

सोमनाथ


४ डिसेंबर
घर, पुंडलिकनगर

मोनिका,

काल मी 'सापडली' एवढंच बोलून फोन ठेवून दिला. उरलेलं आता लिहितो. आज कामावर गेलो नाही.

आधी हे सांग, यास्मिनला शाळेत पाठवण्यापूर्वी मला का विचारलं नाहीस? तिची चूक नाही, ती तुझी मैत्रीण, तू सांगितलंस म्हणून ती दवाखान्यातून अर्धी सुट्टी टाकून गेली. पण प्रेरणानं तिला लहानपणी दोन-तीनदाच बघितलेलं. शाळा सुटताना फाटकाबाहेर एक अनोळखी बाई उभी, हातात फोन, फोनमध्ये तू, आणि ती बाई म्हणते, "बेटा, इकडं ये, बघ, मम्मी तुझ्याशी बोलायला थांबली आहे." सिनेमात नेमकं असंच होतं. एक मायाळू बाई पाण्याचं भांडं पुढं धरते, पाण्यात आईचा चेहरा दिसतो, आणि रेवू त्यावर वाकते. तुला हे माहीत नव्हतं, मी तुला ते लिहिलंच नव्हतं. प्रेरणानं दप्तर तिथंच टाकलं आणि पळाली. यास्मिन मागं धावली, तशी ती आणखी जोरात पळाली. रिक्षांच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

सिक्युरिटीवाला मला लाइनवर बोलवायला आला, तेव्हा त्याच्या तोंडावरूनच मला कळलं. पैठण रोडनं गाडी कशी आणली ते मला आठवत नाही. स्टेशनजवळून मी तसाच पुढं गेलो, थांबलो नाही. हे लक्षात ठेव.

शाळा बघितली, तिच्या मैत्रिणींची घरं बघितली, देऊळ, उद्यान, वाण्याचं दुकान. पोलिसांत सांगितलं, फोटो दिला. फोटोत ती हसतेय. हवालदार म्हणाला, "घरात काही भांडण वगैरे?" मी नाही म्हणालो. दुपार अशीच गेली. माय दारात बसून होती, तिनं पाण्याचा घोट घेतला नाही.

मग माझ्या डोक्यात सिनेमा आला. सिनेमात रेवू फसवली गेल्यावर गडावर जाते, सगळ्यात वरच्या बुरुजावर चढते आणि जाळ पेटवते. तो गड बघून प्रेरणा टॉकीजमध्ये म्हणाली होती, "पप्पा, हा तर आपला देवगिरी." मी तिला सांगितलं होतं ना, सिनेमा खरा धरायचा. मी गाडी दौलताबादकडं वळवली.

किल्ला बंद व्हायची वेळ झाली होती. लोक खाली उतरत होते. पहारेकऱ्याला पोरीचा फोटो दाखवला, तो म्हणाला, अशी एकटी पोरगी आली असती तर आम्ही सोडलीच नसती. तरी माझं ऐकून त्यानं बॅटरी घेतली आणि माझ्यासोबत आला. अंधारीत शिरलो. तू तिथं एकदा वटवाघळांना भिऊन मागं फिरली होतीस, तोच अंधारा बोगदा. पायऱ्या वर-खाली होतात, हाताला भिंत ओली लागते, तो वास. मी ओरडत होतो, "प्रेरणा, पप्पा आलेत, ये बाळा." माझाच आवाज पुढं जाऊन दुसरीकडून परत येत होता. आणि एकदम माझे पाय थांबले. ती इथं कुठंतरी बसली असली आणि तिनं माझी हाक ऐकली, तरी ती ओ देणार नाही. तिच्या लेखी हा आवाजसुद्धा बनवलेलाच. मी हाका मारतोय आणि ती आणखी आत सरकतेय, असं मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मी ओरडणं बंद केलं. पहारेकरी म्हणाला, "साहेब, चक्कर येतेय का?"

तिथं फोन लागेना. बाहेर आलो तेव्हा यास्मिनचे कितीतरी मिस कॉल. ती आपल्या घरी मायजवळ बसली होती. प्रेरणाच्या उशाखालून तिनं पुस्तक काढलं होतं आणि रबर अडकवलेल्या पानापर्यंत भराभर वाचलं होतं.

"भाऊ, तुम्ही किल्ल्यावर आहात? प्रेरणानं वाचलंय तेवढ्या किताबात रेवू किल्ल्यावर जातच नाही."

"मग कुठं जाते?"

"नावघाटावर. तिची आई ज्या घाटावरून नावेत बसून गेली, तिथं जाऊन बसते. म्हणते, आवाज कुठूनही येईल, पण आई आली तर याच घाटाला लागेल. भाऊ, मोनिका कुठून गेली होती?"

मोनिका, तू स्टेशनवरून गेलीस. मुंबईच्या गाडीत बसून. प्रेरणा डब्याबरोबर प्लॅटफॉर्म संपेपर्यंत धावली होती.

मी यास्मिनला सांगितलं, तू जा, तू जवळ आहेस, पण ती दिसली तर समोर जाऊ नको. तुला बघून परत पळाली तर पुढं रूळ आहेत. यास्मिन भावाच्या, अबुजरच्या गाडीवर गेली. मी दौलताबादहून निघालो तेव्हा उजेड कमी होत होता. छावणीपाशी ट्रक आडवा होता. यास्मिनचा मेसेज आला : दिसली, बाकावर बसली आहे, मी चहाच्या स्टॉलमागं उभी आहे, जवळ जात नाही. पुढचा आला : गाडी येतेय, ती उठून उभी राहिली. त्यानंतर माझा फोन बंद पडला.

तसा रस्ता वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

पोचलो तेव्हा ती प्लॅटफॉर्मवर उभी होती, उतरणाऱ्या माणसांची तोंडं बघत. अबुजर तिच्या आणि रुळांच्या मधे, पाठ करून, गाडीची वाट बघणाऱ्यासारखा उभा होता. मी हाक मारली नाही. बाकावर जाऊन बसलो. ती वळली. माझ्याकडं बघत राहिली, मग जवळ आली आणि माझ्या बाहीचा वास घेतला. कंपनीत मशीनवर सोडतात त्या कूलंटचा वास, तू त्याला नाक मुरडायचीस. मग ती माझ्या मांडीवर कोसळली.

घरी येताना गाडीवर म्हणाली, "आज नाही आली मम्मी."

सोमनाथ


१६ डिसेंबर
कॅन्टीन

मोनिका,

पुस्तक पूर्ण वाचलं. शाळेनंतर वाचलेलं माझं हे पहिलंच. डब्याच्या पिशवीत घालून आणत होतो, पोरं चिडवत होती.

तुला शेवट माहीत आहे. शंखातला आवाज आईचाच होता. सगळा गाव रेवूला सांगत राहतो, फसू नको, चेटूक आहे, आणि ती आईला उत्तर देणं बंद करते. आई गडावरून रोज बोलत राहते. मी इथं कॅन्टीनमध्ये बसून डोळे पुसले. ज्यांनी सिनेमा काढला त्यांना हे का नको वाटलं, कळत नाही. चेटकीण दाखवली की लोक घाबरतात, म्हणून असेल. पण पुस्तकातली भीती वेगळी आहे. तिथं आई खरी असते आणि पोरगी ऐकत नसते.

घरी जाऊन प्रेरणाला सांगितलं, मी चुकीचं सांगितलं होतं, पुस्तक खरं, सिनेमा त्यांनी मनानं बदललाय. शेवट वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकून घेतला. मग म्हणाली, "पप्पा, पुस्तक जुनं आहे. तेव्हा आवाज बनवता येत नव्हते."

मी पुस्तक मिटलं.

"तुला कशावरून वाटतं तो मम्मीचा नाही? नुसता सिनेमा बघून?"

तिनं बोटाचं नख कुरतडलं. म्हणाली, "मम्मी एवढं गोड नव्हती बोलत. मम्मी ओरडायची. फोनमधली मम्मी कधीच ओरडत नाही. मी गणितात कमी मार्क सांगितले तरी 'असू दे पिल्लू' म्हणाली."

मोनिका, त्या दिवशी तुझ्याशी बोलताना माझ्या अंगावर काटा का आला, ते मला त्या क्षणी कळलं. तू गेल्यापासून माझ्यावर एकदाही चिडली नाहीस. मेसेजवर भांडतेस, पण आवाजात नाही. फोनवर तू कुठल्या तरी कंपनीच्या बाईसारखी मऊ बोलतेस. मी थापा मारतो हे तुला कळतं आणि तू 'बरं बरं' म्हणतेस. इथं असतीस तर ताट आपटलं असतंस.

माणूस असा कधी बोलतो? मनातून निघून गेल्यावर. मला तीच भीती आहे, म्हणून लिहून टाकतो. काळवेण वगैरे लेकराचं झालं. माझी भीती ही आहे की तू तिकडं राहायचं ठरवलं आहेस आणि कसं सांगावं म्हणून गोड बोलतेस. तसं असेल तर या पत्राचा फोटो पाहिल्याबरोबर सांग. मी मायला सांगेन. प्रेरणाला कसं सांगायचं, ते मला माहीत नाही.

सोमनाथ


२८ डिसेंबर
घर

मोनिका,

आज दुपारी तुझा फोन आला, तेव्हा आपण जे बोललो ते तुला माहीतच आहे. पण तुझ्या फोनमध्ये फक्त मी दिसत होतो. इकडं काय चाललं होतं ते लिहितो.

मी फोन पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला होता, आवाज मोठा. मुद्दाम नाही, मी लसूण सोलत होतो. तू सुरुवात नेहमीसारखीच केलीस. मी म्हणालो, माझ्या पत्राचं उत्तर दे. तू म्हणालीस, "नंतर निवांत बोलू ना." मी म्हणालो, निवांत नको, येणार नसशील तर आज सांगून टाक. आणि मग तू फुटलीस.

"नापास झालेय मी, ऐकायचंय तुला? इथल्या भाषेच्या परीक्षेत. दोनदा. पास झाल्याशिवाय सुट्टी देत नाहीत. म्हाताऱ्यांची अंगं पुसते मी इथं दिवसभर आणि खोलीवर येऊन धडे पाठ करते. तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास? 'ये परत, मी आधीच सांगत होतो.' हेच ना? आणि पोरीला एकटीला स्टेशनवर जाऊ देतोस आणि वर मलाच विचारतोस, राहायचं ठरवलंस का? अक्कल आहे का तुला?"

तू एवढं बोलेपर्यंत मोरीतला नळ चालू होता. मधेच तो बंद झाला. मी मान वळवली नाही. माय तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपातच राहिला.

मी काहीतरी उलट बोललो. तू त्यावर आणखी चढलीस. माझ्या पाठीमागं दारात ती येऊन उभी राहिल्याचं मला तुझ्या तोंडावरून कळलं. तू बोलता बोलता थांबलीस. मला वाटलं, आता तू 'पिल्लू' म्हणणार आणि ती परत पळणार.  मी फोन उलटा करायला हात पुढं केला होता, खरं सांगतो.

पण तू ओरडलीस, "आणि ते केस काय झालेत? प्रेरणा, कधी धुतलेस केस?"

तिनं केस कानामागं सारले.

"मी विचारतेय काहीतरी."

"रविवारी," ती म्हणाली.

"खोटं बोलू नको. रविवार आज आहे."

"मागच्या रविवारी."

"आजीला तेल लावायला सांग आणि आत्ता धू. उवा झाल्या तर सगळे कापून टाकीन."

"तू कशी कापशील? तू तिकडं आहेस," प्रेरणा म्हणाली, आणि मग तुझ्याकडून फक्त रडण्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. नेटवर्क गेलं की तूच ठेवलास, मला कळलं नाही.

त्यानंतर ती तिथंच उभी राहिली. मी तिच्याकडं बघायला घाबरत होतो. माय म्हणाली, "आण गं तेलाची बाटली." ती घेऊन आली, मायच्या पुढ्यात बसली. तेल लावून झालं. मग म्हणाली, "आजी, मम्मी नापास झाली."

"व्हय की."

"दोनदा."

"तुझ्या बापाला विचार त्यो कितीदा झाला त्ये."

हे सगळं एका दुपारीत मिटलं असं तू समजू नको. मघाशी मी तुला परत लावू का विचारलं तर तिनं मान हलवली, नको म्हणून. फोन ती अजून हातात धरत नाही. मी धरायचा आणि तिनं लांब, दाराजवळ उभं राहायचं, असं तिनं ठरवलंय. सांडूकाकांकडं फोन वाजला तरी तिचे खांदे आखडतात. मलाही तुझा नंबर दिसला की छातीत धडधडतं, आता कारण वेगळं आहे इतकंच. 'ये परत' मी म्हणणार नाही. म्हणावंसं वाटतं, पण म्हणणार नाही.

तिनं एक निरोप दिला आहे, तो जसा दिला तसा लिहितो : "मम्मीला विचारा परीक्षा परत कधी आहे. आणि तिला सांगा, धडा मोठ्यानं म्हणायचा, मी ऐकणार."

तारीख कळव.

सोमनाथ